घरच्या हॅम रेडिओ सेटला ट्रान्सफॉर्मरवालाच पॉवर सप्लाय घ्यावा, एसएमपीएसच्या नादाला लागू नये : माझं मत, बोला आता

शहापूरचा_ओएम
परवा एका नव्या लायसनवाल्या पोराने विचारलं, काका शंभर वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्हवर लांबवर बोलायचा) सेट घेतलोय, घरात पॉवर सप्लाय कुठला लावू. मी सांगितलो, डोळे झाकून ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर घे. तर चौघेजण माझ्यावरच तुटून पडले, काका अजून कॅसेटच्या जमान्यात आहेत म्हणूलालेत. म्हणून इथे मांडतोय.
सेट नुसता ऐकायला एक-दीड अँपिअर खातो, पण माईकचं बटण दाबून बोललात की २०-२२ अँपिअर ओढतो, आणि त्याला १३.८ व्होल्ट पाहिजेत. माझा सप्लाय ११ किलोचा आहे. ट्रान्सफॉर्मर बेळगावच्या उद्यमबागेत गुंडाळून घेतलेला, मागे हीटसिंकवर चार टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टर. वीस वर्षांत दोनदा कपॅसिटर बदललो, बास. मध्ये हौस म्हणून सीसीटीव्हीवाले लावतात तसला जाळीच्या पेटीतला एसएमपीएस आणला, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा हलका सप्लाय. चाळीस मीटर बँडवर डायल फिरवली तर थोड्या थोड्या अंतरावर गुरगुर, आणि तीही एका जागी गप बसत नाही, पेटी तापेल तशी सरकत जाते. लांबचं बारीक स्टेशन त्याच्याखाली गेलं की गेलं. वजन कमी म्हणून कौतुक सांगता, पण सप्लाय काय डोक्यावर घेऊन फिरायचाय? टेबलाखाली ठेवायचाय की!

निपाणी_ऊसवाला
काका, शहापुरात बसून बोलणं सोपं आहे हो. आमच्या गावात थ्री फेज आली की सगळ्यांच्या बोअरच्या मोटारी एकदम चालू होतात आणि माझ्या घरात मीटरवर १७५ व्होल्ट. मीही लिनिअरच वापरत होतो. संध्याकाळी सीक्यू (कुणी आहे का अशी हाक) दिला की समोरचा म्हणायचा, ओएम (हॅम लोकांत दोस्ताला म्हणतात तसं) तुमच्या आवाजामागे भुंगा आहे. मी महिनाभर माईक बदलतोय, अर्थिंग खणतोय, आणि शेवटी कळलं की मेन व्होल्टेजच पडल्यावर ट्रान्सफॉर्मरमधून येणारे व्होल्टही पडतात, रेग्युलेटरला वर दोन-तीन व्होल्ट शिल्लक लागतात ते राहत नाहीत आणि मग रिपल (डीसीत उरलेली एसीची थरथर) सरळ सेटमध्ये. आता ९० ते २६४ व्होल्ट चालणारा एसएमपीएस आहे, मोटारी चालू असोत नसोत, १३.८ म्हणजे १३.८.
आणि उष्णतेचं काय? आत २० व्होल्ट, बाहेर १३.८, वरचे सहा गुणिले २० अँपिअर, म्हणजे सव्वाशे वॅटची नुसती शेगडी. एप्रिलमध्ये.

शहापूरचा_ओएम
@निपाणी_ऊसवाला अहो शेगडी बोलताना फक्त. आणि १७५ व्होल्टचा दोष माझ्या ट्रान्सफॉर्मरवर का ढकलताय, तुमच्या डीपीचं बघा की. प्रायमरीला (मेनकडच्या गुंडाळीला) कमी व्होल्टेजसाठी जादा टॅप काढून घेतला असता तर भुंगा गेला असता.

निपाणी_ऊसवाला
आणि रात्री मोटारी बंद झाल्यावर २४० होतं तेव्हा टॅप बदलायला तुम्ही येणार काय 😄

रिपेरीवाला_उद्यमबाग
दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे, पण ज्याने माझ्याकडे काम येतं ते कुणीच बोलत नाही. लिनिअरमधला एखादा पास ट्रान्झिस्टर (जादा व्होल्ट अडवणारा) शॉर्ट झाला की आतले वीसच्या वीस व्होल्ट थेट सेटला. बहुतेक सेट १३.८ च्या १५ टक्के वरखाली सोसतात, म्हणजे पावणेसोळा-सोळापर्यंत. वीस नाही. माझा स्वतःचाच एक सेट असा गेलाय, सप्लाय मीच बांधलेला, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळेना. म्हणून लिनिअर घ्या, पण क्रोबार सर्किट आहे का ते आधी विचारा. व्होल्टेज चढलं की ते आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवतं, सेट वाचतो.
आता काकांची गुरगुर. स्वस्त पेटी उघडून बघा. बोर्डावर इनपुट फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली असते आणि तिथे कॉइलऐवजी वायरचे दोन तुकडे टाकलेले असतात. हा एसएमपीएसचा दोष नाही, पैसे वाचवणाऱ्याचा आहे. रेडिओसाठी म्हणून बनवलेले एसएमपीएस बऱ्यापैकी शांत असतात, काहींना तर गुरगुर बाजूला सरकवायची खुंटीच असते. आणि पेटीवर ३० अँपिअर छापलंय म्हणून हुरळू नका. साध्या बोलण्यात सरासरी लोड कमी असतो, पण एफएम किंवा एफटी८ (कॉम्प्युटरवरून पाठवायचे डिजिटल संदेश) लावलात तर सलग पूर्ण खेच असते, तिथे छापील आकड्याच्या पाऊणपटच धरा. त्या जाळीवाल्या पेटीला बाजूला ११०/२२० चा छोटा सरकता स्विच असतो, तो बघूनच प्लग लावा. ११० वर राहिला तर दिवाळी.

खानापूर_जंगलपट्टी
तुम्ही सगळे लाईट आहे असं धरून भांडताय 😂 आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की दोन दोन दिवस अंधार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ना लिनिअर कामाचा ना एसएमपीएस. माझा सेट सरळ १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीवर आहे, चार्जर बाजूला, वळीव गरजायला लागला की चार्जरचा प्लग काढून मोकळा. (अँटेनाची वायर पण काढा रे, नुसता प्लग काढून उपयोग नाही.)
आणि काका, गुरगुर सप्लायचीच होती हे कशावरून? एकदा सेट बॅटरीवर लावून घरातला मेन स्विच पाडून ऐका. माझ्याकडे अर्धी गुरगुर जिन्यातल्या एलईडी बल्बची निघाली.

शहापूरचा_ओएम
बॅटरीचं मान्य, पण फुल चार्ज असून १२.७, आणि बटण दाबलं की बाराच्या आसपास. जोर कमी पडतो. ॲसिडची बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवायला घरची माणसं पण तयार पाहिजेत.

खानापूर_जंगलपट्टी
मग चार सेलची लिथियम फॉस्फेट घ्या, बराच वेळ तेराच्या आसपास राहते. महाग आहे हे खरं. फ्यूज मात्र बॅटरीच्या टर्मिनलजवळ, सेटजवळ नाही, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर घर पेटेल.

नवा_व्हीयू२
नमस्कार, तो पोरगा मीच 🙏 काकांनी त्यांचा जुना स्पेअर लिनिअर वापरायला दिलाय. काल मीटर लावून बघितलो. सप्लायच्या टर्मिनलवर बोलताना पण १३.८, हलत नाही. पण सेटच्या मागे १२.४ दाखवतंय. म्हणजे सप्लाय खराब आहे काय? का एसएमपीएस घेऊ?

रिपेरीवाला_उद्यमबाग
वायर कुठली घातलीस?

नवा_व्हीयू२
घराच्या फिटिंगमधली उरलेली, दीड एमएमची. तीन मीटर असेल.

रिपेरीवाला_उद्यमबाग
जाऊन तीन येऊन तीन, सहा मीटर तांबं, २० अँपिअर. एक पूर्णांक चार व्होल्ट तिथेच गेले. हिशोब बरोबर जमतोय बघ. चार एमएम घाल, अर्ध्या व्होल्टवर येईल. अंतर निम्मं केलंस तर आणखी निम्मं.

निपाणी_ऊसवाला
आणि आपण इथे सकाळपासून ट्रान्सफॉर्मरवर भांडतोय

शहापूरचा_ओएम
वायर मी देतो, घरात पडून आहे. रविवारी सप्लाय घेऊन ये, आपण मेन स्विच पाडून एलईडीचं पण बघू. दोघांनी मिळून उचला, पायावर पाडून घेऊ नका. आणि माझं मत तेच आहे.