मदत हवी आहे: हिडकलच्या बॅकवॉटरला कनूनं (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीनं) दोन रात्रींचा कॅम्प

मंडळी, जानेवारीत आम्ही 8 जण बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरच्या हिडकल जलाशयात कनूतनं सामान नेऊन काठावर दोन रात्री रहायचं म्हणतोय, 4 कनू, एकेकीत दोघं, त्यात तिघं पहिल्यांदाच वल्हं धरणार. त्यांना पुढं बसवणार कारण दिशा मागचाच सांभाळतो, पण दुपारी वारं सुटून आडव्या लाटा आल्या तर काय करायचं याचंच टेन्शन आहे. गेल्यावेळी तांदूळ नुसत्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले, तळाच्या पाण्यात भिजून आंबूस वास मारायला लागले, पोरं उपाशी झोपली, फार वाईट वाटलं. आता झाकणाचे ड्रम घेऊ की ड्रायबॅग (पाणी आत न जाणारी पिशवी)? लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. परवानगी कुणाकडं मागायची, पाटबंधारे की वनखातं? अनुभव असेल त्यांनी सांगा की.