पोट बरं झालंय म्हणे, पण तांबडा रस्सा समोर आला की हात थांबतो

उपाशी_कोल्हापूरकर:
मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. ६ वर्षं पोटाने वैताग आणला होता. आधी ॲसिडिटी म्हणून गुलाबी सिरप, मग गॅसच्या गोळ्या, मग मेडिकलवाल्यालाच विचारून रोज सकाळी एक गोळी, ती तब्बल २ वर्षं. दोन घास खाल्ले की वर जळजळ, पोट तट्ट, वजन ७१ वरून ६२. शेवटी दिवाळीनंतर दुर्बीण घालून बघितलं तर एच पायलोरी नावाचा जंतू निघाला आणि एक छोटा अल्सर. १४ दिवस दोन-दोन अँटिबायोटिक, तोंड इतकं कडू की पाणीसुद्धा कडू लागायचं. कोर्स संपल्यावर सव्वा महिन्याने श्वासाची टेस्ट केली, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आता सगळं खा.

सगळं खा म्हणजे काय हो? इतकी वर्षं मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी यावर काढलीयत. परवा मामाकडे मटण होतं, सगळ्यांच्या वाट्यात तांबडा, वर लाल तवंग, आणि मामीने न विचारताच माझ्यापुढे वरणभात ठेवला. तिची काही चूक नाही, तिला तेच माहितीय. मी हट्टाने चमचाभर रस्सा घेतला आणि मग तासभर पोटावर हात ठेवून बसलो, दुखतंय का, आता दुखेल का. दुखलं नाही, पण चव काय होती ते विचाराल तर सांगता येणार नाही. कुणी यातून गेलंय का? सुरुवात कुठून करू?

मेतकूट_भात:
आधी एक सांगा, ती सकाळची गोळी अजून चालू आहे का? माझं असंच झालेलं, बरं वाटलं म्हणून एके दिवशी झटक्यात बंद केली आणि चौथ्या दिवशी अशी जळजळ की वाटलं आजार परत आला. आजार नव्हता, गोळीने इतके दिवस दाबून ठेवलेलं ॲसिड उसळी मारतं काही दिवस. मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून सोडवली. मी त्या चार दिवसांत भीतीने परत मेतकूट-भातावर गेले आणि पुढचे सहा महिने तिथेच राहिले, तुम्ही तसं करू नका.

तात्या_निगडीकर:
तिखटानेच अल्सर होतो राव, कशाला परत त्या वाटेला जाताय. ताक प्या, सुखात राहा.

ज्वारीवाली:
तात्या, तिखटाने जळजळ वाढते हे खरं, पण अल्सर बहुतेक वेळा या जंतूमुळे नाहीतर अंगदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्याने होतो. हे कुणाला पटत नव्हतं म्हणून १९८४ साली बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने जंतू घातलेलं पाणी स्वतःच पिऊन बघितलं आणि आजारी पडला. २००५ मध्ये त्याला आणि त्याच्या सोबतच्या रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. बिचाऱ्या मिरचीवर उगाच आळ.

मला स्वतःला सिलिॲक आहे, म्हणजे गहू जन्मभर बंद, त्यामुळे भीती काय असते ते चांगलं कळतं. मला तर हिंगानेही फसवलंय, डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं हे कुठे माहिती होतं. मी एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यायचे, तोही दुपारी, रात्री नाही, आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. वहीत लिहायचे. चार नव्या गोष्टी एकाच ताटात घेतल्या आणि पोट बिघडलं तर दोष कुणाला द्यायचा? आणि हो, शौचाला काळं होणं, वजन परत उतरणं, गिळताना अडकणं असलं काही झालं तर वही बाजूला आणि सरळ डॉक्टर.

पंचगंगा_घाट:
अरे भावा, तू कोल्हापूरचा आणि तांबड्यापासून सुरुवात करतोस? पायऱ्या चुकल्या की तुझ्या! आधी अळणी. मटण मीठ-आलं-लसणात शिजवलं की मसाला घालायच्या आधी जे पाणी सुटतं ते, वाटीभर, गरम, वर भात कुस्करून. लहान पोरांना आपण पहिल्यांदा तेच देतो की. ते जिरलं की पांढरा, पण अर्धीच वाटी, त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असतं, तिखट नसलं तरी जड असतो तो. तांबडा शेवटी, तवंग बाजूला सारून. आणि पोटावर हात ठेवून बसू नकोस, दुसऱ्या हातात भाकरी घे. (डॉक्टर नाहीये मी, खानावळ होती आमची.)

उपाशी_कोल्हापूरकर:
@मेतकूट_भात, गोळी अजून चालू आहे, सोडायची कशी ते आता विचारून घेतो, बरं झालं सांगितलंत. @पंचगंगा_घाट, लय भारी, अळणी डोक्यातच आलं नव्हतं. मामीला फोन केला, म्हटलं रविवारी वरणभात नको, मसाल्याआधी माझ्यासाठी वाटीभर अळणी काढून ठेव. ती म्हणते, "ते मी बाळंतिणीला देते रे." म्हटलं दे, बाळंतीण समजून दे.