कार्बन क्लीनिंग: जुन्या गाडीला उपयोग की गिऱ्हाइकाला चुना?

गंगापूर_रोड
गाडी २०११ ची, १.२ लिटर पेट्रोल, लाखभर किलोमीटर पळालेली. ॲव्हरेज पूर्वीइतकंच, पीयूसी दर वेळी पास. तरी परवा सर्व्हिसिंगला नेली तर ॲडव्हायझर कार्बन क्लीनिंगच्या, म्हणजे इंजिनातली काजळी काढायच्या, हायड्रोजन मशीनपाशी घेऊन गेला. "सर, इंजिन आतून नव्यासारखं होईल, फक्त २,८०० रुपये." मी नको म्हटलं.

माझ्या मते अशा पेट्रोल गाड्यांना हा शुद्ध भुर्दंड आहे. मशीन पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढतं, ते एअर इनटेकमधून आत सोडतात आणि अर्धा तास इंजिन आयडलवर ठेवतात. वायू पेटतो सिलिंडरमध्ये. मग थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा किती जायची ते ठरवणाऱ्या झडपेवर, बसलेली काजळी जाणार कशी? तिथे तर काहीच पेटत नाही. शिवाय माझ्यासारख्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) इंजिनात इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल मारतो, तो भाग एरवीही धुतला जात असतो.

आणि मशीन लावण्याआधीच्या-नंतरच्या म्हणून दाखवतात त्या पीयूसीच्या पट्ट्या! आधीची घेतात गाडी गार असताना, नंतरची इंजिन तापल्यावर. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय धड कामाला लागत नाही. मशीन न लावता गाडी हायवेवर फिरवून आणा आणि मोजा, आकडे तसेही उतरतील.

घाटमाथा
साफ असहमत. माझी २०१३ ची डिझेल. कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यातही रडायला लागली, मागे काळा धूर. मेकॅनिकनं ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवलं. आत डांबरासारखा थर, करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली. खरवडून, धुऊन परत बसवलं. आता गाडी पुन्हा तिसऱ्यात चढते. कार्बन म्हणजे थोतांड म्हणणाऱ्यांनी एकदा ते मॅनिफोल्ड बघावं.

गंगापूर_रोड
कार्बन थोतांड आहे असं मी कुठे म्हटलं? तुमचं काम पान्यानं आणि ब्रशनं झालं. मी मशीनबद्दल बोलतोय.

मीटर_डाऊन
उघडून साफ करा म्हणायला सोपं आहे हो. माझ्या टुरिस्टच्या गाड्या आहेत. मॅनिफोल्ड उतरवायचं म्हणजे गाडी दिवसभर उभी, भाडं बुडालं. बारा वर्षं खाऱ्या हवेत फिरलेल्या गाडीचा ईजीआरचा बोल्ट सरळ निघेल याची गॅरंटी कोण देणार? तुटला की ड्रिल मारा, आटे पाडा. सेन्सरचे कनेक्टर तर हात लावला की फुटतात, प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं. त्यापेक्षा काही न उघडता तासाभरात होतंय तर बिघडलं काय? मी वर्षाकाठी करून घेतो. ड्रायव्हर सांगतात गाडी हलकी पळते.

गंगापूर_रोड
त्याच दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टरही बदलता ना? मग गाडी हलकी कशामुळे झाली हे कसं ठरवलंत?

मीटर_डाऊन
सगळं एकत्रच होतं, खरं आहे. पण डिझेलचं बिल मी भरतो, तुम्ही नाही. मला परवडतंय म्हणून करतो.

चेतकवाला
आमच्या वेळी डिकार्ब, म्हणजे कार्बन खरवडून काढणं, ही नेहमीची गोष्ट होती. चेतकचा सायलेन्सर काढायचा, भट्टीत लालबुंद करायचा आणि फरशीवर आपटायचा, कोळशाचे पोपडे पडायचे. स्कूटर लगेच दम धरायची. पद्मिनी गाडीचं हेड उतरवून पिस्टनचं डोकं खरवडणं हेही ठरलेलं. तेव्हा कोणी विचारत नव्हतं की हे हवं की नको.

पाना_पक्कड
काका, चेतक टू-स्ट्रोक होती, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जाळायची. सायलेन्सर चोंदणारच. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, मिश्रणाचा अंदाज स्क्रूवर आणि मेकॅनिकच्या कानावर. आताच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर क्षणाक्षणाला मिश्रण दुरुस्त करतो. तो हिशोब इथे लावू नका.

माझं गॅरेज आहे सातपूरला, त्यामुळे दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं रोज बघतो. कार्बन नक्की कुठे बसलाय हे न बघता इलाज सांगणारा माणूस मशीनचे हप्ते फेडतोय असं खुशाल समजा.

डिझेलमध्ये ईजीआरमधून काजळी येते, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ येते. दोन्ही इनटेकमध्ये भेटतात आणि घाटमाथांनी बघितलं ते डांबर तयार होतं. ते गॅसनं जात नाही. स्प्रेनं वरवरचं निघतं, पण चालू डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये पेट घेणारं सॉल्व्हंट बेतशीर न मारता ओतलं तर इंजिन तेच इंधन समजून सुसाट सुटू शकतं, मग चावी बंद करूनही ऐकत नाही.

टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्या हे तिसरंच प्रकरण. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शही होत नाही, त्यामुळे तिथे ऑइलच्या वाफेचा थर साचतो. त्यावर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. कवच कार्बन उडवण्याइतकं कडक असतं आणि धातूला ओरखडा पडत नाही. महाग काम आहे, पण व्हॉल्व्ह डोळ्यांना स्वच्छ दिसतात.

गंगापूर_रोड यांची साधी एमपीएफआय आहे. हिला थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरनं पुसणं, एवढं पुरतं. आयडलला आरपीएम वरखाली होत असतील तर त्यानंच बहुतेक वेळा भागतं.

मशीनपेक्षा मला जास्त चीड येते ती ऑइल खाणाऱ्या इंजिनाला कार्बन क्लीनिंग विकणाऱ्यांची. पिस्टनच्या रिंगा गेल्यात किंवा व्हॉल्व्ह सील कडक झालेत, प्लग ओला काळा निघतोय, दर महिन्याला ऑइल टॉप-अप चाललंय. आज लख्ख साफ केलं तरी काही महिन्यांत तोच थर. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा.

घाटमाथा
मग पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचं काय? माझ्या मेहुण्याची गाडी चढावर खडखडायची, नॉकिंग. एक बाटली टाकली, दोन टाक्या जाळल्या, आवाज कमी झाला. हेही मनाचे खेळ का?

पाना_पक्कड
नाही, ते पटण्यासारखं आहे. पिस्टनच्या माथ्यावर थर जमला की जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, थराचे कोपरे निखाऱ्यासारखे तापतात आणि नॉकिंग होतं. पॉलीइथर अमाइन असलेलं ॲडिटिव्ह तो थर बऱ्यापैकी सोडवतं. बाटलीवर ते नाव आहे का एवढं बघा. चारपाचशे रुपयांचा मामला आहे. पण इंजेक्टर सिलिंडरमध्ये असलेल्या गाडीत ते इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, आणि डिझेलच्या ईजीआरला तर कुठलीच बाटली पोचत नाही.

मीटर_डाऊन
म्हणजे बाटली चालते, गॅस चालत नाही. तुमच्या गॅरेजात बाटली मिळते, मशीन नाही, असंही असेल.

पाना_पक्कड
मशीन मलाही विकायला आले होते. मी म्हटलं, एक पिस्टन आधी कॅमेऱ्यानं दाखवा, मशीन लावा, तोच पिस्टन पुन्हा दाखवा. "पुढच्या वेळी आणतो" म्हणाले. अजून वाट बघतोय. तुमच्या सर्व्हिसवाल्याकडे तेच मागा, दाखवलं तर मी माझं मत बदलतो.

चेतकवाला
गाडी आठवड्यातून एकदा हायवेवर मोकळी सोडा, भाजी आणायला दोन किलोमीटर नेऊन बंद करू नका. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. इंजिन तापतच नाही हल्ली.

मीटर_डाऊन
काका, माझ्या गाड्या दिवसाला तीनशे किलोमीटर पळतात, तरी ईजीआर चोंदतो.

गंगापूर_रोड
पाना_पक्कड, कॅमेरा तुमच्याकडे आहे का? नॉकिंग नाही, पण एकदा आत बघून घ्यावं म्हणतो. किती घेता?

पाना_पक्कड
आहे. नुसतं बघायचे तीनशे, थ्रॉटल बॉडी साफ करायची असेल तर ते वेगळे. गाडी रात्री आणून लावा, सकाळी इंजिन गार असताना प्लग काढू. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग फिरवले तर आटे जातात.

मीटर_डाऊन
आणि जे दिसेल त्याचे फोटो इथे टाका. थर जाड निघाला तर माझ्या खर्चानं मशीन लावू, मग पुन्हा फोटो काढू.

गंगापूर_रोड
मंजूर. पण पीयूसीची पट्टी दाखवायची नाही.