इंधन शिल्लक असताना विमान कसे पडते?

खिडकीशेजारचा
गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात स्वतःचे लहान विमान कोसळून मरण पावले. 'इंधन संपले' एवढेच कारण बहुतेक ठिकाणी दिलेले आढळते. परंतु दुसऱ्या टाकीत इंधन शिल्लक होते, असेही वाचनात आले. तसे असेल तर अडीच हजारांहून अधिक तास विमान चालवलेल्या माणसाला एवढे जमू नये? जाणकारांनी खुलासा करावा.

झडप
इंधन संपणे आणि इंजिनापर्यंत न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून हौशी मंडळी घरीच बांधत त्या 'लाँग-ईझी' विमानात दोन बाजूंना दोन टाक्या असतात आणि इंजिन एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेते. टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यात चालकाच्या पुढ्यात होती; डेन्व्हर यांचे लाँग-ईझी बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञाने मुठीला पक्कड लावून ती लांबवून पाहिली, तरी बसल्या जागेवरून हात पुरेना. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच होत्या, म्हणून त्या तंत्रज्ञाने एक छोटा आरसा दिला.

खिडकीशेजारचा
मग निघण्यापूर्वी टाकी का भरली नाही?

झडप
तासाभराचेच उड्डाण आहे, इंधन नको, असे डेन्व्हर यांनी सांगितले होते. अपघाताचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने इंधन न भरण्यालाही दोष दिला आहे, मात्र मुख्य कारण वेगळे मानले आहे. मूठ फिरवायची तर उजव्या हातातली विमान चालवण्याची दांडी सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, डावीकडे काटकोनात वळायचे आणि तोच हात डाव्या खांद्यामागे न्यायचा. असे वळताना शरीर सावरण्यासाठी उजवा पाय आपसूक ताठ होतो आणि रडरचे, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीचे, उजवे पेडल दाबले जाऊन विमानावरचा ताबा सुटतो. हे सगळे अवघ्या पाचशे फुटांच्या आसपास घडले.

चोक-स्टार्ट
आमच्या जुन्या स्कूटरने आचके दिले की चालत्या गाडीवरच खाली वाकून चाचपडत नळ रिझर्व्हला फिरवायचो आणि त्या क्षणी हँडल हमखास एका बाजूला ओढले जायचे, त्यामुळे वरील वर्णन मला तंतोतंत पटले. पण सेस्ना १७२ या लहान विमानात दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात, तशी सोय येथे का नसावी?

झडप
सेस्नाचे पंख वर असतात आणि इंधन आपल्या वजनाने खाली उतरते. जेथे पंप ते ओढतो, तेथे दोन्ही टाक्या उघड्या ठेवल्यास रिकाम्या टाकीतली हवाच आत ओढली जाण्याचा धोका असतो. म्हणून निवड चालकाकडे असते, आणि म्हणूनच मुठीची जागा बदलणे ही बांधणाऱ्याच्या सोयीची किरकोळ बाब ठरत नाही.