चर्चतर्फे रेफ्युजी कुटुंब स्पॉन्सर करायचंय, सुरुवात कुठून? (कॅनडा)

नगरची_ब्रॅम्प्टनवाली:
सलाम सगळ्यांना. आमची मंडळी छोटी, स्वतःची बिल्डिंग नाही, शाळेचा हॉल भाड्याने घेतो. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या लेवीय १९ वर संदेश दिला, परक्याला आपल्यातलाच समजा वगैरे, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या अंगात आलंय की एक कुटुंब आणायचंच. सुदानचं एक कुटुंब कैरोत अडकलंय, आमच्यातल्या एकीच्या ओळखीचं. पाच जण मिळून अर्ज करता येतो असं ऐकलेलं, आता म्हणतात ते बंद. मग काय करायचं?

प्रेअरीतला_पाटील:
ग्रुप ऑफ फाइव्हचे नवे अर्ज सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात थांबवले, तो रस्ता सोडा. सरकारशी करार असलेल्या संस्था असतात, एसएएच म्हणतात, त्यांच्यामार्फत जा. असा पहिला करार १९७९ मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी या ख्रिस्ती मदतसंस्थेने केला, व्हिएतनाम-लाओसचे लोक येत होते तेव्हा. बऱ्याच अँग्लिकन आणि कॅथलिक डायोसिसकडेही (बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) असा करार आहे, फोन करून विचारा. पण त्यांना वर्षाला ठरावीकच जागा मिळतात त्यामुळे कैरोतल्या लोकांना आत्ताच तारखा देऊन बसू नका. साधारण १२ महिन्यांचं घरभाडं, किराणा, कपडे, फर्निचर तुमच्यावर, आणि यातला एक डॉलरही कुटुंबाकडून परत घ्यायचा नाही, नियमच आहे तसा.

चहा_कमी_साखर:
पैसे जमतात हो, माणसं आवरणं अवघड. आमच्या चर्चने एरिट्रियाचं कुटुंब आणलं. पहिल्या आठवड्यात फ्रीज उघडला तर वरपासून खालपर्यंत कॅसरोल आणि लझान्या, एकाही डब्याचं झाकण उघडलेलं नाही, त्या बाईला इंजेरासाठी (त्यांची आंबवलेली भाकरी) टेफ या धान्याचं पीठ हवं होतं आणि कुणी विचारलंच नव्हतं!! मग पैसे तिच्या हातात दिले, इथिओपियन दुकान दाखवलं, विषय संपला. हेल्थ कार्ड, बँक, मुलांची शाळा यासाठी एकेक माणूस नेमा, सगळे मिळून त्यांच्या घरी धडकू नका. स्टेजवर उभं करून साक्ष द्यायला लावू नका, गावाकडे मागे राहिलेल्या नातेवाईकांना त्याचा त्रास होऊ शकतो. आणि ते रविवारी उपासनेला आले नाहीत तर भगिनी मंडळात त्यावर चर्चा नको, मुस्लिम असले तर नाहीच येणार. वर्षानंतर काय याचा विचार पहिल्याच महिन्यात सुरू करा, नाहीतर दुष्काळात तेरावा महिना, नोकरी लागली नसली की थेट वेल्फेअरचा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज.

डाउन्सव्यू_भाऊ:
कैरोवाल्यांना वेळ लागेल तोवर जे स्वतःच इथे येऊन आश्रय मागतायत त्यांचं बघा ना. २०२३ च्या उन्हाळ्यात टोरोंटोत शेल्टर फुल, आफ्रिकेतून आलेले लोक पीटर स्ट्रीटच्या फुटपाथवर झोपत होते, सिटी आणि ओटावातलं केंद्र सरकार एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि शेवटी त्यांना आत घेतलं रिव्हायव्हलटाइम टॅबरनॅकल, डोमिनियन चर्चसारख्या कृष्णवर्णीय मंडळ्यांनी. कुठे श्रीमंत होत्या त्या? तुमच्याकडे बिल्डिंग नाही ठीक आहे, गाड्या तर आहेत, वकिलाकडे सोडा, आश्रयाच्या अर्जाच्या हिअरिंगला सोबत जा.

नगरची_ब्रॅम्प्टनवाली:
थँक्यू सगळ्यांना. सोमवारी डायोसिसला फोन लावते. गाडीचं लगेच जमेल, आमच्यात रिटायर्ड काका भरपूर आहेत. फक्त ते वाटेत बायबल स्टडी घेणार नाहीत याची गॅरंटी कोण देणार 😅