एमआरसीपी झाली तरी परत ईआरसीपी कशाला?

केळीवाला_रावेर:
नमस्कार मंडळी. आमच्या नानांचे, वय ६८, डोळे पिवळे झालेत, लघवी हळदीसारखी, अंगाला नुसती खाज. आधी कावीळ म्हणून गावातच झाडपाल्याचं औषध पाजलं, काय फरक नाही. मग भुसावळला सोनोग्राफी केली, पित्ताच्या पिशवीत खडे अन पित्तनळी ११ एमएम फुगलेली, पण नळीत खडा दिसला नाही. जळगावला एमआरसीपी केली तेव्हा नळीच्या खालच्या टोकाला ८ एमएमचा खडा निघाला. आता म्हणताय ईआरसीपी करा अन नंतर पिशवी काढा. भो नावं तर सारखीच वाटताय, मग दोनदा पैसे कशाला? इकडे माल कापणीवर आलाय, थोडं थांबलं तर चालेल का?

दुर्बीणवाली_सिस्टर:
दादा नावावर जाऊ नका. एमआरसीपी म्हणजे एमआरआयच, नुसता फोटो. पित्त पातळ, ते त्यात पांढरं चमकतं अन खडा काळा दिसतो. सोनोग्राफीवाल्याला पण दोष नका देऊ, नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं, नळी फुगलीये हे त्याने सांगितलं तेच मोठं. खडा काढायचं काम ईआरसीपीत होतं. दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात, तिचा कॅमेरा समोर नाही, बाजूला बघतो, कारण पित्तनळी तिथे आतड्याच्या भिंतीत उघडते. त्या तोंडातून बारीक तार घालतात, एक्सरेत दिसणारं औषध (डाय) सोडून एक्सरेवर नळी बघतात, तोंडाला छोटी चीर देतात अन बलून नाहीतर बास्केटने खडा आतड्यात ओढतात, पुढे तो शौचावाटे जातो. पोट फाडायचं काम नाही. १९७४ च्या आधी ईआरसीपीसुद्धा फक्त बघायलाच करायचे, चीर द्यायचं तंत्र त्या साली आलं. आता नुसतं बघायला कोणी करत नाही कारण त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, १०० मधे ३ ते १० जणांना येते, बहुतेकांची बरी होते पण काहींची बिघडते. म्हणून आधी फोटो, खडा नक्की असेल तरच दुर्बीण.

धुळेकर_७७:
अन स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनळीत ठेवतात ती बारीक नळी, टाकला तर तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. आमच्या आईला प्लास्टिकचा टाकलेला, ३ महिन्यांनी काढायला बोलावलं होतं, आम्ही कापूस वेचणीत पार विसरलो, सातव्या महिन्यात स्टेंट तुंबला अन हुडहुडी भरून ताप, परत ॲडमिट. चूक आमचीच होती. पिशवीचं ऑपरेशन पण पुढे ढकलू नका, पिशवीत खडे आहेत तोवर दुसरा कधीही खाली उतरेल.

केळीवाला_रावेर:
आता डोक्यात शिरलं ताई. नाना हार्टसाठी रक्त पातळ व्हायची गोळी घेतात ती बंद करू का?

दुर्बीणवाली_सिस्टर:
मनाने बंद करू नका!! चीर द्यायची असते म्हणून दुर्बीणवाल्या डॉक्टरांना आजच सांगा, हार्टवाल्यांशी बोलून तेच ठरवतील. अन ताप थंडी आहे का नानांना?

केळीवाला_रावेर:
काल रात्री दोनदा थंडी वाजली, आम्हाला वाटलं हवेमुळे. सकाळी अंग गरम होतं, आता झोपलेत, बोलताना जरा गोंधळताय.

दुर्बीणवाली_सिस्टर:
दादा माल राहू द्या, आत्ता गाडी काढा. कावीळ, थंडीताप अन त्यात गोंधळणं म्हणजे अडकलेल्या पित्तात पू झालेला असू शकतो, यात सकाळची वाट बघायची नसते. खायला प्यायला काही देऊ नका, एमआरसीपीची फाईल अन गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

केळीवाला_रावेर:
निघालो. सावद्यापर्यंत आलोय.