मदत हवी आहे: बदलापुरात पाच वर्षांनी नववीच्या किती जागा लागतील, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतर जनगणनाच नाही, टॉवर मात्र उभे राहतच आहेत. आमच्या सोसायटीतल्या काही मुली नववीसाठी दप्तर पोटाशी धरून गच्च भरलेल्या लोकलने अंबरनाथ गाठतात. हे बघवत नाही.

खरी अडचण आठवीनंतरची आहे. शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंतच, आणि बऱ्याच सरकारी शाळा सातवी-आठवीला थांबतात. पुढे अनुदानित शाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर स्वयंअर्थसहाय्यित शाळेची फी.

आम्ही काही पालक मिळून मागणीचं निवेदन तयार करतोय. यूडायसवरून (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) शाळानिहाय, इयत्तानिहाय पट घेऊन आजची चौथी पाच वर्षांनी नववीत, असा हिशोब मांडलाय. पण इथे कुटुंबं मोठ्या मुलांसकट राहायला येतात, त्यामुळे जन्मनोंदी कामाच्या नाहीत. भोगवटा प्रमाणपत्रांवरून (इमारत राहायला योग्य झाल्याचा दाखला) नवीन घरं मोजता येतील, पण दर शंभर वन-बीएचकेमागे नववी-दहावीची मुलं किती धरायची? कुणी नगररचना किंवा शिक्षण विभागात असं काम केलंय का?

आणखी एक, आणि हे तातडीचं. विकास आराखड्यातल्या शाळेच्या आरक्षणाला 10 वर्षं उलटली की जमीनमालक नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 127 ची, म्हणजे ‘जमीन ताब्यात घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस देऊ शकतो. अशा नोटिसा आल्यात का, हे माहिती अधिकारात नेमकं कसं विचारावं? अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका.